बाहेरची तूर

नैरोबी सोडून तासभर झाला होता आणि चौदा माणसांच्या गाडीत मोठं भांडण पेटलं होतं. ड्रायव्हर मागे वळून बोलत होता, मागचे लोक पुढे झुकून बोलत होते. मांडीवर कोंबडी घेऊन बसलेल्या एक बाई तर सगळ्यांच्या वरताण ओरडत होत्या. मला वाटलं, कुणाचं पाकीट गेलं.

"पाकीट नाही," शेजारी बसलेली मुथेऊ इंग्रजीत म्हणाली. "सरकारने नव्या कराचा मसुदा काढलाय, त्यावर चाललंय."

"आणि या बाई काय म्हणतात?"

"त्या ड्रायव्हरला म्हणतात, आधी कलम वाचून ये, मग माझ्याशी बोल."

मी हे माझ्यासोबत आलेल्या तात्यांना मराठीत सांगितलं. तात्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि कोंबडीवाल्या बाईंकडे वळून बघितलं. "कलम वाचून ये म्हनली? आरं बाबौ! आपल्याकडं बजेट म्हंजी काय, तर टीव्हीवर दाखवत्यात, आन आपन विचारतो, बिडी म्हागली का सोस्त झाली."

मला वाटणारं कौतुक आणि धास्ती दोन्ही त्या गाडीत सुरू झाली. नऊ दिवस ती संपली नाहीत.

आम्ही तिथे कसे पोचलो ते थोडक्यात सांगते. मी मिरजगावची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आमचं रान कोरडं, म्हणून गावात दरवर्षी आम्ही पाण्याचा ताळेबंद करतो. पाऊस किती झाला, विहिरींत किती उतरलं, पिण्याला किती ठेवायचं आणि उरल्यात कोणती पिकं घ्यायची, हे सगळ्यांनी बसून ठरवायचं. मी त्या कामातली नोकरदार, आणि बबनतात्या आमच्या गावच्या पाणी समितीतले जुने शेतकरी, आमचे शेजारीच. एका संस्थेने कोरड्या भागांतल्या शेतकऱ्यांनी एकमेकांचं काम पाहावं म्हणून आम्हा दोघांना केनियात पाठवलं. तात्या त्याआधी पुण्यापलीकडे गेले नव्हते, आणि मी मुंबईपलीकडे. पासपोर्ट हातात आला त्या दिवशी माझ्या आईने तो दिव्याजवळ ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. त्याच्या कडेला अजून पिवळा डाग आहे. नैरोबीच्या विमानतळावर साहेबाने तो डाग बोटाने खरवडून बघितला. मी आईची हळद समजवायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्याने "करीबू" म्हणजे "या" म्हणत शिक्का मारला.

मुथेऊ आमची यजमान. वय सव्वीस. पाणीपुरवठ्याच्या कामातली पदविका घेतलेली, तिच्याही घरात शिकलेली ती पहिलीच. हे कळल्यावर आम्ही दोघींनी एकमेकींचा हात असा धरला, जसा जत्रेत चुकलेल्या बहिणींनी सापडल्यावर धरावा.

लाल मातीचा रस्ता

दुपारी डांबर संपलं आणि माती लाल झाली. कुंकवात बोट बुडवावं तशी लाल. मधून मधून गोरखचिंचेची अजस्र झाडं उभी. खोड एवढं, की त्यामागे आमचा ट्रॅक्टर लपेल. दोन्ही बाजूंनी बाभळी. तात्यांना हायसं वाटलं. "ह्या आपल्याच हायेत," म्हणाले, जणू कर्जत तालुक्यातून कुणीतरी आधी येऊन लावून गेलं होतं. डोंगरउतारावर मात्र ते काचेला डोकं लावून बघायला लागले. पायथ्यापासून माथ्यापर्यंत बांधच बांध. हातांनी खणून, माती वर फेकून केलेले. एकही उतार मोकळा सोडलेला नाही. "हे कुनी केलं?" तात्यांनी विचारलं. मुथेऊ म्हणाली, "आमच्या आज्यांनी. गटागटाने, गाणी म्हणत." तात्यांनी टोपी काढली आणि परत घातली.

मुथेऊच्या आईचं नाव एस्थर. पण तिकडे आईला तिच्या लेकराच्या नावाने हाक मारतात, म्हणून गावभर ती "मामा मुथेऊ". तात्यांना हे मामा प्रकरण काही पचेना. "बाईमानसाला मामा म्हनायचं?" पण दुसऱ्या दिवशी तेच जोरात "मामा, चहा!" म्हणायला लागले. तात्यांना तिथे सगळे "म्झे" म्हणत. म्हणजे वडीलधारे. त्यांना ते आवडलं.

चहा आमच्यासारखाच, दुधाचा, उकळून उकळून लाल केलेला. जेवणात चपाती आणि मूग. मी ताट बघतच राहिले. समुद्र ओलांडून आले आणि ताटात मूग-चपाती! दुसऱ्या भांड्यात अख्खे दाणे होते, कांदा-टोमॅटो घालून शिजवलेले. तात्यांनी एक दाणा बोटात धरून दाबला. "आगं, ही तर तूर हाय."

तूरच होती. अख्खी, सालासकट. मागच्या खोलीत पोती रचलेली होती. एस्थरबाई म्हणाल्या की हा सगळा मुलूख तूर पिकवतो. थोडी हे लोक खातात, आणि बाकीची व्यापारी घेऊन जातो. कुठे? "तुमच्याकडे. इंडियाला."

तात्या खुशीत आले. हे एवढं प्रेम बघून त्यांना आपलीही काहीतरी गोष्ट सांगावीशी वाटली. "वैशे, हिला सांग, आमीबी तूर करतो. आन सांग, आमच्या तुरीला भाव नव्हता तवा आमी तहसीलवर मोर्चा नेल्ता. मी सोता फलक धरला हुता. 'बाहेरची तूर बंद करा' म्हनून..."

तिथे ते थांबले. हातातला दाणा तसाच. पोत्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वैशे. बाहेरची म्हंजी... ही?"

मी मान डोलावली. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे बाहेरची तूर आणण्यावर बंधनं आली, तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते. मीही एक खाल्ला होता.

"म्झे काय म्हणतात?" एस्थरबाईंनी विचारलं.

"सांगू नको," तात्या खालच्या आवाजात म्हणाले.

"म्हणतात, तूर छान शिजली आहे," मी म्हणाले. तात्यांनी ताटातला दाणा न् दाणा संपवला आणि परत वाढू दिलं नाही.

मंगळवार, बाजाराचं गाव

मुथेऊ दर मंगळवारी बाजाराच्या गावी जाते. एका मोटरसायकलवर आम्ही तिघं आणि चालवणारा चौथा. वाटेत तात्यांची टोपी उडाली आणि एका बकरीने तिच्यावर पाय दिला. टोपीवर तो लाल खूर आजही आहे. तात्या धुऊ देत नाहीत.

बाजारात वर्तमानपत्राच्या ठेल्याभोवती पंधरा-वीस जण उभे होते. तिथे पेपर विकत घ्यायचाच असं नाही. एक नाणं द्यायचं, उभ्यानेच वाचायचा, घडी न मोडता परत करायचा. आमच्याकडे केस कापायच्या दुकानात पेपर फुकट असतो, पण त्याचं मधलं पान कायम गायब. इथे घडी एवढी सांभाळतात की पाचवा वाचणाराही नवाच पेपर वाचतो. मंगळवारी सरकारी नोकऱ्यांच्या जाहिराती येतात. ज्यांना मुलाखतीला बोलावलं त्यांची नावं छापून येतात. कोण निवडलं गेलं हे सगळ्या मुलखाला दिसतं. मुथेऊ बोट फिरवत यादी वाचत होती. तिचं नाव नव्हतं. तिने पान उलटून धान्याचे भाव वाचले, पेपर सरळ केला आणि परत दिला.

"तीन वर्षं येतेय," ती म्हणाली. "आता फक्त एक जागा राहिली आहे."

ती जागा गावातच होती. गावाजवळच्या कोरड्या नदीवर बंधारा बांधायचा, त्याचा आराखडा मुथेऊने बिनपगारी तीन वर्षं मोजमापं घेऊन केला होता. येत्या शनिवारी गावाची सभा होती. काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा. त्या काउंटीच्या पैशातून या भागात यंदा कोणतं काम आधी करायचं, हे त्या सभेत लोक ठरवणार. बंधारा पहिला आला तर त्याच्या कामावर देखरेखीची जागा निघेल, आणि त्या कामाचं शिक्षण गावात मुथेऊ सोडून कुणाकडे नाही.

"आणि नाही आला तर?"

तिने पर्समधून पासपोर्ट काढून दाखवला. नवा, कोरा. आखातात घरकामाला मुली नेणारा एक एजंट महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. "तिथे मला नळ उघडायचा आणि बंद करायचा," ती म्हणाली. "पाणीपुरवठ्याचंच काम."

ती हसली. मला हसता आलं नाही. माझं पदवीनंतरचं नोकरीविना गेलेलं पहिलं वर्ष आठवलं.

"बंधाऱ्याच्या विरुद्ध कोण आहे?" मी विचारलं.

"माझी आई."

कोरडी नदी

बुधवारी तिने आम्हाला शेजारच्या गावातला जुना बंधारा दाखवला. आमच्या मनात बंधारा म्हणजे मागे तुंबलेलं पाणी. इथे पाण्याचा थेंब नव्हता. नदीत खडकावर बांधलेली एक भिंत, आणि तिच्या मागे भिंतीच्या माथ्यापर्यंत वाळूच वाळू. पांढरी, स्वच्छ, गुडघाभर पाय रुतेल अशी.

तात्या मला म्हणाले, "गाळानं भरला की गं. वाया गेला बिचाऱ्यांचा."

मुथेऊ वाळूत गुडघ्यांवर बसली आणि हातांनी उकरायला लागली. वीतभर. हातभर. मग वाळू काळी झाली, आणि त्या खड्ड्यात चारी बाजूंनी पाणी झिरपून आलं. निवळ, गार. ना ऊन लागत, ना डास. वाळू पाण्याची राखण करते आणि पाणी गाळूनही देते. पावसाळ्यात वाहून येणाऱ्या वाळूला या लोकांनी भिंत घालून थांबवलं आणि तिच्या पोटात वर्षाचं पाणी ठेवलं. मी पाण्याच्या कामात सहा वर्षं घालवली आहेत. असं काही मी पाहिलं नव्हतं. मी ओंजळ भरली आणि पिण्याआधी का कोण जाणे, नमस्कार केला.

तात्या खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. ओली वाळू चिमटीत धरून.

"आपल्या सीना नदीत अशीच हुती," म्हणाले. "वाळू. पोरं कुस्ती खेळायची. मग बांधकामं निघाली. मी माझ्याच ट्रॅक्टरनं वाहिली, वैशे. दोन वरीस. म्हनलं नदीत नुसती पडलीय, कुनाच्या बापाची हाय? आन मग हिरीनं तळ दाखावला तवा म्या देवाला शिव्या दिल्या."

मुथेऊने विचारलं, म्झे काय म्हणतात. या वेळी मी सगळं सांगितलं. तिने तात्यांच्या हातावर वाळू ठेवली आणि त्यांची मूठ मिटवली.

आंब्याखाली

शनिवारची सभा चर्चच्या अंगणात, आंब्याखाली. सकाळपासून लोक येत होते. बायका जास्त, कडेवर मुलं. भिंतीवर मागच्या वर्षीच्या खर्चाचा कागद चिकटवलेला. कोणतं काम, किती मंजूर, किती झालं. प्रार्थना झाली आणि लोक त्या कागदावर तुटून पडले.

एक म्हातारी काठी टेकत उठली. कागदावर ओढ्यावरच्या मोरीची ओळ होती, तिच्यावर काठीने टकटक केलं. "इथे लिहिलंय, पूर्ण. मग मी काल चपला हातात घेऊन ओढा का ओलांडला?"

काउंटीच्या अधिकाऱ्याने उभं राहून उत्तर दिलं. ठेकेदाराने एकच बाजू बांधली होती. म्हातारी म्हणाली, "मग अर्धी पूर्ण असं लिही." त्याने खिशातून पेन काढलं आणि तिथल्या तिथे कागदावर तसं लिहिलं, सही केली. लोक टाळ्या वाजवत नव्हते. त्यांना यात विशेष काही वाटलंच नाही. थक्क झालो होतो आम्ही दोघं. आमच्याकडे ग्रामसभेला माणसं जमत नाहीत, आणि रजिस्टर नंतर घरोघर फिरतं. मीही चुलीपुढे बसून न वाचता सही केलेली आहे.

मग यंदाची दोन कामं. मुथेऊ सभेची लिहिणारी होती. तिने वही शेजारणीकडे दिली आणि बंधाऱ्याचा नकाशा धरून बोलली. थोडक्यात, मुद्देसूद. मग एस्थरबाई उठल्या. त्या तूर पिकवणाऱ्या बायकांच्या गटाच्या अध्यक्ष. त्यांना हवं होतं डाळ करायचं मशीन.

"आम्ही अख्खी तूर विकतो," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक एकच, ते समुद्रापलीकडे. त्याने दार उघडलं तर आम्ही जेवतो, लावलं तर पोती उंदीर खातात. डाळ केली तर नैरोबीचं दुकान घेईल, मोम्बासाचं हॉटेल घेईल." मग त्या आमच्याकडे वळल्या. रागाने नाही, खरंच माहिती हवी असल्यासारख्या. "आज इंडियाची माणसं बसली आहेत. मला विचारायचंय. त्या वर्षी तुम्ही दार का लावलं?"

सगळी सभा आमच्याकडे बघायला लागली. मी मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते. आयात, धोरण, बाजारपेठ. तेवढ्यात तात्या उठले.

"दार सरकारनं लावलं," ते म्हणाले. "पन कडी आमी वाजवली. माझ्या तुरीला भाव न्हवता. म्या मोर्च्यात फलक धरला, बाहेरची तूर बंद करा. बाहेर कोन ऱ्हातं ते मला ठावं न्हवतं. मला वाटलं, बाहेर म्हंजी व्यापारीच आसतील. सोमवारी ह्या बाईनं मला जेवू घातलं तवा कळलं. मी खाल्ल्या घरचा गुन्हेगार हाय."

मी उभी राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "हे म्हणतात की तेव्हा आमच्याकडेही भाव पडले होते, आणि त्यांना त्याचं वाईट वाटतं."

मागून एक म्हातारा काहीतरी ओरडला. हशा झाला. मुथेऊ मला म्हणाली, "ते म्हणतात, म्झे एवढं लांब बोलले आणि मुलीने एवढंसं केलं. मधलं कुठे सांडलं?"

"मुथेऊ," मी हळूच म्हणाले, "ते मोर्च्याचं बोलले. ते सांगितलं तर लोक चिडतील, मशीनकडे जातील. तुझा बंधारा..."

"वाय्शाली, म्झे उभे आहेत," ती म्हणाली. "जे बोलले ते दे."

मी दिलं. एकेक वाक्य. आणि मुथेऊने ते तिच्या भाषेत सभेला दिलं. कडीसुद्धा, फलकसुद्धा. आवाज न दाबता. स्वतःची नोकरी आपल्याच तोंडाने लांब लोटत होती, आणि कुठे काही गाळत नव्हती.

व्हायचं ते झालं. कुजबुज वाढली. एस्थरबाईंनी हात वर केला. "म्झे खरं बोलले. त्यांच्यावर राग नको. पण ऐकलंत ना? तिकडचा शेतकरी ओरडला की दार लागतं. उद्या परत ओरडेल. त्याचंही पोट आहे."

मत तिकडे रांगेत उभं राहून देतात. आंब्याच्या एका बाजूला बंधारा, दुसऱ्या बाजूला मशीन. चिठ्ठी नाही, लपवाछपवी नाही. मुथेऊ एका रांगेच्या तोंडाशी, तिची आई दुसऱ्या. दोघींच्या मध्ये दहा पावलं. अधिकारी मोठ्याने डोकी मोजत होता आणि सगळं अंगण त्याच्याबरोबर मोजत होतं. बंधारा अकरा डोक्यांनी हरला.

मुथेऊने शेजारणीकडून वही परत घेतली, निकाल स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि उभी राहून वाचला. मग सही केली. दुपारी मायलेकी एकाच ताटात आंबा कापून खात बसल्या होत्या. आमच्या भावकीत सरपंचकीच्या निवडणुकीवरून दोन घरांत पाणीसुद्धा चालत नाही, त्याला आता किती वर्षं झाली!

तात्या त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. "पोरी, माझ्या तोंडापायी तुझा बंधारा ग्येला."

"गेला नाही, म्झे. दुसरा आहे. पुढच्या वर्षी यादी दोनपासून सुरू होते." तिने फोड तोंडात टाकली. "पण मला एक सांगा. मशीन येईल. डाळ कशी करतात हे आमच्यात कुणालाच येत नाही. आम्ही अख्खीच शिजवतो. तुम्ही साल कसं काढता?"

मी तात्यांकडे बघितलं, तात्यांनी माझ्याकडे.

"बायकांचं काम हाय त्ये," तात्या पुटपुटले. "मला काय म्हाईत."

मी बाई, वर पदवीधर, जन्मभर डाळ खाल्लेली. मलाही माहीत नव्हतं. घरात डाळ व्हायची तेव्हा आई मला म्हणायची, "तू अभ्यास कर." मी अभ्यास केला, म्हणून मला येत नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही टेकडीवर गोरखचिंचेखाली गेलो, तिथे मोबाईलला रेंज येते. मिरजगावला वहिनीने फोन धरला. पडद्यावर आधी आईचं कपाळ दिसलं, मग पूर्ण आई.

"तात्या बरं हायेत ना? जेवतेस का?"

"आई, तुरीची डाळ कशी करायची ते सांग. इथल्या बायकांना शिकायचंय."

"आफ्रिकेला जाऊन डाळ इचारती? आन त्यांच्या यवढ्या मोठ्या देशात कुनाला येत न्हाई व्हय?" मग तिने पदर खोचला. आईला मी शिकवताना कधी पाहिली नव्हती. तूर आधी चाळायची, दाणा सारखा घ्यायचा. तेलाचा हात लावायचा. "तेलात बुडवायची न्हाई गं, नुसता हात." रात्रभर झाकायची, दिवसा उन्हात घालायची, पाण्याचा शिपका मारून परत झाकायची, परत वाळवायची. दाण्याचं साल सुटलं की मगच भरडायची. "घाई केली की चुरा व्हतो." एस्थरबाई, मुथेऊ आणि आणखी चौघी फोनपुढे डोकी एकत्र करून बसल्या होत्या. मी आईच्या बोलण्याचं इंग्रजी करत होते, मुथेऊ ते तिच्या भाषेत सांगत होती. उरलेल्या दिवसांत त्यांनी मक्याची हातचक्की सैल करून पहिला घाणा काढला. अर्धा चुरा, अर्धी डाळ. तात्यांनी तिचं वरण करायला लावलं, सोबत आणलेली शेंगदाण्याची चटणी वाढली आणि दोन वाट्या प्याले.

परत मिरजगाव

परतल्यावर फोन माझ्याकडे कमी आणि आईकडे जास्त यायला लागले. मुथेऊ डाळीचा फोटो पाठवायची, आई फोन डोळ्यांजवळ धरून म्हणायची, "उन कमी दिलंय."

मग एका मंगळवारी चर्चच्या फळ्याचा फोटो आला. डाळ मशीनवर देखरेखीसाठी जागा भरणे आहे. एस्थरबाई गटाच्या अध्यक्ष, मुलगी शिकलेली, आणि तरी जागा फळ्यावर लागली होती. पाच जणांनी अर्ज केला. मुथेऊने तिच्या अर्जाचीही प्रत पाठवली. त्यात प्रशिक्षणाच्या रकान्यात तिच्या कॉलेजच्या नावाखाली लिहिलं होतं: तुरीची डाळ तयार करणे, शिक्षिका हिराबाई, मिरजगाव, भारत.

मी आईला वाचून दाखवलं. आई शाळेची पायरी चढलेली नाही. ती म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. "आता पुरं," म्हणाली आणि उठून शेरडाला पाला टाकायला गेली. बराच वेळ आली नाही.

एजंटची मुदत संपायला दहा दिवस राहिले होते, तेव्हा दुपारी फोन वाजला. निवड समिती होती. तोच अधिकारी, ती मोरीवाली म्हातारी आणि मला टोकणारा म्हातारा. एस्थरबाई बाहेर आंब्याखाली बसल्या होत्या, म्हणजे आत आपली सावली नको. समितीला शिक्षिकेशी बोलायचं होतं.

"तुमची विद्यार्थिनी कशी आहे?" अधिकाऱ्याने विचारलं. मी आईला सांगितलं.

आईने विचार केला. "हुशार हाय. उन बरुबर वळखती. खोटं बोलत न्हाई, चुरा झाला तर चुराच दावती." मी एकेक वाक्य इंग्रजीत दिलं. "पन," आई म्हणाली, "चाळताना घाई करती. बारीक दाना मोठ्यात जातो, आन मग सगळा घाना बिघडतो. त्ये तिला सांगावं लागंल."

मी फोन थोडा लांब धरला. पलीकडून कागद सरकल्याचा आवाज आला. मला तो पासपोर्ट दिसला, कोरा. शेवटचं वाक्य गिळलं तर कुणाला कळणार होतं? आईला इंग्रजी येत नाही. मुथेऊ खोलीत नव्हती.

तेवढ्यात पलीकडून म्हातारा काहीतरी बोलला, आणि अधिकारी हसत म्हणाला, "आमचे म्झे विचारतात, आज किती सांडलं?"

मी सगळं सांगितलं. चाळणीसकट.

आठवडा गेला. तात्या रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत आणि "काय लागलं फळ्यावर?" विचारत. मंगळवारी फोटो आला. पाच नावं, पाचांचे गुण, वर मुथेऊचं नाव. तिच्या गुणांपुढे अधिकाऱ्याने पेनाने एक ओळ लिहिली होती, गावाने वाचावी म्हणून: चाळताना घाई करू नये, शिक्षिकेची सूचना.

पाठोपाठ तिचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. मागे चाळणी हलत होती, सावकाश. ती म्हणाली, "वाय्शाली, माझ्या टीचरला ऐकव."

मी फोन आईच्या कानाला लावला. आईने डोळे मिटून ती चाळणी शेवटपर्यंत ऐकली.

"आता बरुबर," म्हणाली.